थंड हवेचे ठेकेदार

कऱ्हाडजवळच्या मलकापुरात नळाला मीटर आहे. गावाने चोवीस तास पाण्याची योजना राबवली, घरोघर मीटर बसवले, जितकं वापराल तितकं बिल लावलं, आणि हा चमत्कार बघायला बाहेरगावची शिष्टमंडळं येऊ लागली. पाइपातून किती गेलं आणि कुठे गळलं याचा हिशेब ठेवणारं हे गाव. आणि याच गावातला सुजाण नागरिक आपल्या जुन्या सफारीच्या तोंडावर हातभर रुंद अ‍ॅल्युमिनियमची जाळी, म्हणजे इंटरकूलर, ठोकून आणतो. "बूस्ट आधी किती होता, आता किती झाला?" असं विचारलं, तर आपण त्याची जात काढल्यासारखा बघतो. मग खांद्यावर हात टाकून म्हणतो, "भावा, नुसती उडते गाडी. विषय हार्ड!"

झालं. प्रयोगशाळा बंद, निष्कर्ष जाहीर.

माझं भांडण इंटरकूलरशी नाही. तो बिचारा सरळमार्गी आहे. टर्बो हवा दाबतो आणि दाबलेली हवा तापते. हे ऊष्मागतिकीने कधीच सांगून ठेवलंय, त्याला गॅरेजवाल्याची संमती लागत नाही. मे महिन्यात बाहेर ३८ अंश असताना १ बार बूस्ट, म्हणजे जादा दाब, दिला, तर टर्बोतून निघणारी हवा सहज सव्वाशे अंशांच्या पुढे जाते. तीच इंटरकूलरने ६० वर आणली तर तेवढ्याच दाबात वीसेक टक्के जास्त हवा मावते. पोर्शेने १९७८ साली ९११ टर्बोचं इंजिन ३.३ लिटरचं केलं, तेव्हा सोबत इंटरकूलर दिला तो काही शोभेसाठी नव्हे. भांडण आहे ते त्याच्या भक्तांशी.

आता ही सफारी घ्या. टाटांनी १९९८ साली आणली. १९४८ सीसीचं डिझेल इंजिन, आणि त्याच्या नावातच टीसीआयसी: टर्बोचार्ज्ड, इंटरकूल्ड. म्हणजे ज्या वस्तूसाठी हे महाशय कर्ज काढायला निघाले, ती कंपनीने गाडीबरोबर फुकट दिलेली आहे! वीस-पंचवीस वर्षांत त्या वस्तूच्या पोटात टर्बोचं तेल साचलं, बाहेरून चिखल आणि उसाच्या पाचटाचा भुगा बसला, पाती वाकली. ती उतरवून धुवावी, असं कुणाला सुचतं? छे. धुण्यात कसली आलीय शान? धुतलेल्या इंटरकूलरचा फोटो स्टेटसला ठेवता येतो का?

बरं, डिझेल इंजिनात ताकद येते ती डिझेलमधून. हवा तिथे बहुतेक वेळा गरजेपेक्षा जास्तच असते. नुसती हवा गार केलीत तर धूर थोडा कमी होईल, एक्झॉस्टचं तापमान उतरेल, इंजिन जरा सुखाने श्वास घेईल. उत्तमच. पण "पंधरा हॉर्सपॉवर वाढली" ही आकाशवाणी कुठून झाली? मी थोडी उलटतपासणी घेतली, की गौप्यस्फोट होतो: इंटरकूलरचं किट बसवल्यावर इंजेक्शन पंपवाल्याकडे जाऊन स्क्रू फिरवून डिझेलही वाढवलेलं असतं. कष्ट डिझेलचे, सत्कार इंटरकूलरचा! आणि ज्या किटने उष्णता कमी व्हायची, त्याच्याच नावाने इंजिनात आणखी आग ओतलेली. गाडी चौकातून सुटते ती मागच्या दुचाकीवाल्याचं थोबाड काळं करत. जाळ आन् धूर संगटच.

पेट्रोलवाल्यांचं प्रकरण जरा प्रतिष्ठित. २००४ साली स्कोडाने ऑक्टाव्हिया आरएस इथे आणली: १.८ लिटर, टर्बो पेट्रोल, १५० हॉर्सपॉवर. तिचा मूळ इंटरकूलर पुढच्या चाकाच्या कमानीजवळ दडलेला, चणीने लहान. घाटात दोन-चार वेळा रगडली की तो स्वतःच तापून बसतो. तापलेल्या हवेने पेट्रोल नॉक करायला लागतं, संगणक टायमिंग मागे खेचतो आणि ताकद गळते. इथे पुढे मोठा इंटरकूलर लावण्यात तथ्य आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. पण हेच विद्वान स्वस्तात मिळालेला जाडजूड गाभा आणतात, त्याला लांबलचक पाइप जोडतात आणि मग टर्बो उशिरा जागा होतो म्हणून टर्बोलाच शिव्या घालतात. अरे, तेवढी पोकळी आधी भरायची कुणी?

शिवाय पुढे लावायचा म्हणजे कुणाच्या पुढे? एसीच्या कंडेन्सरपुढे आणि रेडिएटरपुढे. दोघांच्या वाट्याचा वारा हा दांडगा आधी खातो. हायवेला गाडी पळत असेल तर ठीक. पण मलकापुरात हायवेला गाडी पळते हे तुम्हाला कुणी सांगितलं? सातारा–कागल सहापदरीकरण, उड्डाणपुलाचं काम, त्यात उसाच्या ट्रॉल्या आणि त्यांच्यावरची गाणी. इंटरकूलरला वाहता वारा लागतो. इथे तो अर्धा तास उन्हात उभा राहून स्वतःच शेगडी होतो. मग तापमानाचा काटा चढतो, एसी बंद करावा लागतो, काचा खाली येतात. मालक घामाने निथळतोय आणि इंजिनात जायची हवा म्हणे थंड!

चाचणीचीही तऱ्हा बघा. "कुंभार्लीला घेऊन गेलो, जराही दमली नाही." कऱ्हाड-पाटणकडून चिपळूणला जाताना कुंभार्ली घाट उतरणीचा आहे हो! तिथे बैलगाडीही दमत नाही. चढून बघायचं तर चिपळूणहून परत यायचं, तेही मेच्या दुपारी, माणसं भरून.

कायद्याचा विषय काढला की सगळे अचानक मौनी बाबा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वरून सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये कंपनीच्या मूळ रचनेशी फारकत घेणाऱ्या बदलांवर बडगा उगारला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक बेकायदा बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी सोय करून ठेवली. इंटरकूलर त्यात बसतो की नाही यावर वकील खुशाल पोट भरोत. पण किट मावावं म्हणून बंपरमागची लोखंडी पट्टी कटरने कापणाऱ्याला कोणतं कलम लावायचं? ती पट्टी धडकेच्या वेळी तुमच्या गुडघ्यांसाठी होती, राजे.

तेव्हा जुनी टर्बो गाडी दारात असेल, तर आधी टर्बोचा शाफ्ट हाताने हलवून बघा. नेहमीपेक्षा जास्त खेळ असेल तर किटचं नाव काढू नका, ते तेलानेच भरेल. मग पाइपांत कॉम्प्रेसरने बेताची हवा भरून सांध्यांवर साबणाचं पाणी मारा. बुडबुडे जिथे येतील तिथे तुमची हॉर्सपॉवर सापडेल. क्लिपा बदला, जुना इंटरकूलर धुऊन घ्या आणि एक साधा बूस्ट गेज लावा. एवढं करून आकडा बरोबर असूनही घाटात हवा तापून ताकद गळत असेल, तर बसवा किट. आणि बसवणारा बंपरमागे कटर घेऊन वाकला, की आधी गाडीची किल्ली मागून घ्या.