शिसपेन्सिलीत नसलेलं शिसं



शिसपेन्सिलीत शिसं नसतं, हे आपण विज्ञानाच्या तासाला मुलांना सांगतो. आत असतं ते ग्राफाइट आणि चिकणमाती. पूर्वी लोक ग्राफाइटला शिशाचाच प्रकार समजत होते, म्हणून ते नाव चिकटलं. मुलांना गंमत वाटते आणि आपण पुढच्या धड्याकडे वळतो. पण खरं शिसं मुलांच्या पोटात कुठून जातं, हा धडा आपल्याकडे कुठेच नाही. तो असायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

2020 साली युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांनी एक अहवाल काढला. जगातल्या दर तीन मुलांमागे एकाच्या, म्हणजे सुमारे 80 कोटी मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरला 5 मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसं असावं, असा त्यातला अंदाज आहे. त्यातली 27 कोटींहून अधिक मुलं भारतातली. हा अंदाजच आहे, कारण आपल्याकडे प्रत्यक्ष मोजणी फार कमी होते. आणि जागतिक आरोग्य संघटना तर सांगते की शिशाची सुरक्षित अशी पातळीच माहीत नाही.

शरीर शिशाला कॅल्शियम समजून फसतं. पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाचं शरीर जेवढं शोषून घेतं, त्याच्या चार-पाच पट लहान मुलाचं शरीर घेतं. अंगात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर आणखी जास्त. म्हणजे जो आधीच कुपोषित, त्यालाच हे जास्त बाधतं.

आता आपल्या पेशाशी थेट संबंध असलेली गोष्ट. अमेरिकेत हर्बर्ट नीडलमन नावाचे एक बालरोगतज्ज्ञ होते. त्यांनी बोस्टनजवळच्या शाळांतल्या पहिली-दुसरीच्या मुलांकडून पडलेले दुधाचे दात मागून घेतले. (आपल्याकडे असते तर मिळाले नसते, आपण ते कौलावर फेकतो!) दातात शिसं साठून राहतं, त्यामुळे मूल आजवर किती शिशाच्या संपर्कात आलं ते त्यावरून कळतं. दुसरीकडे त्यांनी वर्गशिक्षकांना त्याच मुलांबद्दल साधे प्रश्न विचारले. लक्ष लवकर विचलित होतं का? सांगितलेलं समजून करता येतं का? स्वप्नात हरवलेलं असतं का? चटकन वैतागतं का? दोन हजारांहून जास्त मुलांची अशी माहिती जमली. कुणाच्या दातात किती शिसं आहे, हे शिक्षकांना ठाऊक नव्हतं. 1979 साली निष्कर्ष छापून आले. दातात शिसं जितकं जास्त, तितक्या शिक्षकांच्या तक्रारी जास्त. ही मुलं आजारी दिसत नव्हती. कुणालाही विषबाधेचं एक लक्षण नव्हतं.

आपण अशा मुलाला काय म्हणतो ते मी लिहीत नाही, स्टाफरूममध्ये बसणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. प्रत्येक मागे पडणाऱ्या मुलाचं कारण शिसं असतं असं मुळीच नाही. पण काहींचं असतं, आणि कोणाचं ते आपण कधी तपासलेलंच नसतं.

"आम्ही पण हेच खाऊन मोठे झालो, काय झालं आम्हाला?" असं पालक विचारतात. प्रश्न बरोबर आहे. पण काय होऊ शकलं असतं आणि झालं नाही, ते दिसत नाही ना!

याहून गंभीर बाब मुलींची. अंगात गेलेलं बरंचसं शिसं हाडांत जाऊन बसतं आणि तिथे वर्षानुवर्षं राहतं. पुढे गरोदरपणात आणि अंगावर पाजताना बाळासाठी हाडांतलं कॅल्शियम बाहेर येतं, त्याबरोबर शिसंही येतं. ते वार ओलांडून गर्भापर्यंत पोचतं. गर्भपात, वेळेआधी बाळंतपण, कमी वजनाचं बाळ हे धोके त्याने वाढतात. म्हणजे आज आठवीत बसलेल्या मुलीच्या हाडांत जे साठतंय, त्याची झळ अजून जन्माला न आलेल्या बाळाला लागते. पुरुषांच्या प्रजननशक्तीवरही त्याचा परिणाम होतो, फक्त त्याबद्दल बोलायचं आपल्याला जड जातं.

हे येतं कुठून? भंगारातल्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवलं जातं तिथून. जुन्या रंगांच्या पोपड्यांतून. शेंदरातून, कारण परंपरेने शेंदूर हा शिशाचाच असतो. मारुतीला हात लावून त्याच हाताने प्रसाद खाणारं मूल आपण रोज बघतो. श्रद्धेला धक्का न लावता हात धुवायला सांगता येतं.

आणि हळद! बांगलादेशात खेड्यातल्या गरोदर बायकांच्या रक्तात शिसं सापडलं, तेव्हा शोध घेता घेता संशोधक हळदीपर्यंत पोचले. हळकुंडांना झळाळी यावी म्हणून लेड क्रोमेट हा पिवळा रंग चोळला जात होता. 2019 मध्ये हे जाहीर झाल्यावर तिथल्या अन्नसुरक्षा यंत्रणेने बाजारात यंत्राने तपासणी केली, व्यापाऱ्यांना दंड केला, पत्रकं वाटली. 2019 मध्ये निम्म्याच्या आसपास नमुन्यांत भेसळ होती, 2021 मध्ये ती शून्यावर आली. दोन वर्षांत! आपल्याकडेही पाटण्यातल्या हळदीच्या काही नमुन्यांत शिसं सापडलेलं आहे. म्हणून फार चकचकीत पिवळी हळकुंडं घेऊ नका, आणि सुटी पूड तर नकोच. पण खरं काम ग्राहकाचं नाही, सरकारचं आहे. घरोघरी कोण हळद तपासत बसणार?

पेट्रोलमधलं शिसं आपल्या देशाने 2000 साली बंद केलंच की. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा 90 पीपीएम हा नियम 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू आहे. मात्र तो घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरता. औद्योगिक रंग त्यात येत नाहीत. मैदानातल्या लोखंडी घसरगुंडीला रंगाऱ्याने कोणता डबा वापरला, हे मुख्याध्यापकांनी विचारायला नको का? बोलक्या भिंती रंगवतानाही डब्यावरची शिशाची ओळ वाचा. जुना रंग कोरडा खरवडू नका, ओला करून काढा, आणि ते काम मुलं सुट्टीवर असताना उरका. श्रमदान म्हणून मुलांच्या हातात पॉलिश पेपर तर अजिबात देऊ नका.

माझी मागणी एकच आहे. शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं, वजन-उंची, डोळे, दात बघून जातं. त्यात रक्तातल्या शिशाची तपासणी घालावी. सगळ्यांची एकदम जमत नसेल तर भंगार-बॅटरीच्या वस्त्यांजवळच्या शाळांपासून सुरुवात करावी. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत हा ठराव मांडा, इतिवृत्तात नोंदवा आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना पाठवा. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.