टक्क्यांची रांग आणि जागांचा हिशेब

दहावीच्या २०२५च्या निकालात राज्यातल्या २११ मुलांना पैकीच्या पैकी, म्हणजे १०० टक्के मिळाले. त्यातली ११३ एकट्या लातूर विभागातली. राज्याचा निकाल लागला ९४.१० टक्के. घरोघरी पेढे वाटले गेले आणि ते रास्तच होतं. मुलांनी वर्षभर मान मोडून अभ्यास केला होता. पण हेच टक्के पुढे अकरावीच्या गुणवत्ता यादीत जातात आणि तिथे त्यांच्या ताकदीबाहेरचं काम त्यांच्याकडून करून घेतलं जातं. ९४.२ आणि ९३.८ या दोन मुलांमधला फरक बुद्धीचा, की ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’मध्ये कुठला विषय वगळला गेला त्याचा, की चित्रकलेच्या वाढीव गुणांचा? यादीला ते ठाऊक नसतं. तरी ती एकाला नावाजलेल्या कॉलेजात पाठवते आणि दुसऱ्याला, प्रयोगशाळेला कुलूप असलेल्या कॉलेजात.

ही रांग नीट लावण्यातच महाराष्ट्राची कितीतरी वर्षं गेली. २००८ला पर्सेंटाइलचं सूत्र आलं, २००९ला राज्य मंडळाच्या मुलांसाठी ९० टक्के जागांचा कोटा. दोन्ही मुंबई उच्च न्यायालयात टिकले नाहीत. २०१०ला ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ही उच्च न्यायालयाने रद्द केलं, सर्वोच्च न्यायालयाने मात्र ते राखलं. करोनाच्या काळात परीक्षेविना निकाल लागला, म्हणून अकरावीसाठी सीईटी ठरली. ऑगस्ट २०२१मध्ये तीही रद्द झाली. दरवेळी वाद एकच: एसएससीचं मूल पुढे, की सीबीएसई-आयसीएसईचं? चांगल्या जागा किती आहेत आणि त्या कुठे आहेत, याची चर्चा झालीच नाही.

खरं दुखणं तिथेच आहे. २०२५मध्ये अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले, तेव्हा जागा वीस लाखांहून अधिक निघाल्या आणि अर्ज त्याहून बरेच कमी. लाखो जागा रिकाम्या राहिल्या. म्हणजे तुटवडा आहे तो शिकवणाऱ्या जागांचा. प्रवेश एका कॉलेजात, अभ्यास क्लासमध्ये आणि हजेरी कागदावर, हा ‘इंटिग्रेटेड’ प्रकार इतका बोकाळला, की २०१८मध्ये विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला. ज्याच्या बापाला क्लासची फी झेपत नाही, त्याला तालुक्याच्या कॉलेजात नाव घालून उरतं काय?

जागा कुठे आहेत हे न बघता केलेली वाटणी न्याय्य ठरत नाही, हा धडा वैद्यकीय प्रवेशात महाराष्ट्राने एकदा घेतला आहे. ७० टक्के जागा त्या-त्या विभागातल्या मुलांसाठी, असं ७०:३०चं सूत्र वर्षानुवर्षं होतं. ऐकायला न्याय्य. पण मराठवाड्यात महाविद्यालयंच कमी, त्यामुळे तिथल्या मुलांच्या वाट्याला मुळातच थोडं येई. ओरड झाली आणि २०२०मध्ये सूत्र मोडीत निघालं.

क्षमतेनुसार प्रवेशाचं नियोजन कसं असतं, हे बघायचं तर १९६०चा कॅलिफोर्नियाचा मास्टर प्लॅन बघावा. क्लार्क केर हे त्याचे शिल्पकार. शालेय गुणवत्तेत वरच्या साडेबारा टक्के मुलांना कॅलिफोर्निया विद्यापीठ, वरच्या एक तृतीयांशांना राज्य महाविद्यालयं आणि शिकू पाहणाऱ्या बाकी सगळ्यांना कम्युनिटी कॉलेज. रांग तिथेही होती. फरक दोन गोष्टींचा. कोणत्या संस्थेने काय शिकवायचं आणि कोणाला घ्यायचं, हे आधी ठरलं. आणि कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं चांगली केलेल्या मुलाला विद्यापीठात जायची वाट ठेवली गेली. याच विद्यापीठाच्या बर्कली शाखेतली स्पर्धा पुढे फार वाढली हे खरं, पण ती वाट बंद झाली नाही. आपल्याकडे पंधरा-सोळाव्या वर्षी लागलेला शिक्का पुसायची सोय कुठे आहे?

टेक्सासने १९९७मध्ये आणखी एक पाऊल टाकलं. प्रत्येक शाळेतल्या वरच्या दहा टक्के मुलांना राज्याच्या विद्यापीठांत थेट प्रवेश, शाळा श्रीमंत वस्तीतली असो की गरीब. ऑस्टिनच्या विद्यापीठात ही मर्यादा नंतर आवळावी लागली, तरी तत्त्व टिकलं. तमिळनाडूने २०२०मध्ये ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झालेल्या सरकारी शाळांतल्या मुलांसाठी वैद्यकीयच्या साडेसात टक्के जागा राखल्या.

यावर आक्षेप ठरलेला आहे: ८२ टक्क्यांचा मुलगा ९३वाल्याच्या आधी का? त्याच शिक्षकांकडून, त्याच फळ्यासमोर, गावातल्या साठ मुलांत जो पहिला आला, त्याने हाती होतं त्यातून काय उभं केलं ते दिसतं. राज्याच्या यादीत ते कधीच दिसत नाही.

म्हणून शिक्षण विभागाने दोन गोष्टी कराव्यात. प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयात पूर्णवेळ विज्ञान शिक्षक किती आणि चालू प्रयोगशाळा किती, हे प्रवेशाच्या संकेतस्थळावर जाहीर करावं. आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या अनुदानित महाविद्यालयांतल्या दहा टक्के जागा, वसतिगृहासह, जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेत पहिल्या आलेल्या मुलामुलींसाठी ठेवाव्यात. हा आदेश मे महिन्यात, अर्ज सुरू होताना काढून उपयोग नाही. तो दिवाळीच्या सुट्टीआधी शाळाशाळांत पोचायला हवा.