काळीचा सारा आणि पांढरीची पट्टी

आमच्या अकोट तालुक्यांतील काश्तकार आपल्या सातबाऱ्याविषयीं जितका जागरूक आहे, तितकाच तो आपल्या राहत्या घराच्या कागदाविषयीं उदासीन आहे. बांधावरची वीतभर जमीन गेली तर तो अकोल्यापर्यंत जाऊन वकील गांठतो. परंतु ग्रामपंचायतीच्या आकारणी यादींत आपलें घर किती चौरस मीटर, कोणत्या बांधणीचें व किती वर्षांचें म्हणून लिहिलें आहे असें विचारलें, तर तो पंचायतीच्या शिपायाकडे बोट दाखवितो. ज्याचें आयुष्य महसुलाच्या दप्तरांत गेलें त्यास ही गोष्ट खटकते. तिचे परिणाम पैशांतही भोगावे लागतात आणि भाऊबंदकींतही.

शेतसाऱ्याची पद्धत आपल्या अंगवळणीं पडलेली आहे. १८५३ सालीं वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखालीं आलें, आणि १८६१ नंतर मुंबई इलाख्याच्या धर्तीवर येथें मोजणी व जमाबंदी सुरू झाली. जमिनीचा रंग, पोत व खोली पाहून तिची प्रत ठरली, प्रतीवरून आकार ठरला, व तो तीस वर्षें वाढूं नये अशी हमी मिळाली. काश्तकारानें स्वतःच्या खर्चानें विहीर बांधली म्हणून सारा वाढवावयाचा नाहीं, हेंही त्या पद्धतीचें तत्त्व होतें. पुढें १९२८ चा वऱ्हाडचा महसुली कायदा जाऊन १९६६ ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता आली, पटवाऱ्याच्या जागीं तलाठी आला. पण सातबाऱ्यावरील आकाराचा आंकडा लहानच राहिला. सरकारी देणें म्हणजे शेतसारा, आणि तें किरकोळ, अशी जी आपली समजूत आहे तिचें मूळ येथें आहे.

पांढरीची गोष्ट निराळी आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या १२४ व्या कलमाप्रमाणें, शेतीचा आकार भरणाऱ्या जमिनीवर पंचायतीस कर बसवितां येत नाहीं. परंतु इमारतीवर, मग ती तसल्या जमिनीवर उभी असली तरी, बसवितां येतो. तेव्हां शेतांत बंगला बांधून "जागा सातबाऱ्याची आहे" अशी सबब सांगणाऱ्यांचें म्हणणें कायद्यापुढें टिकत नाहीं.

हा कर कसा मोजतात तें नीट समजून घेण्यासारखें आहे. १९६० च्या कर व फी नियमांत डिसेंबर २०१५ मध्यें दुरुस्ती झाली, व तेव्हांपासून घरपट्टी भांडवली मूल्यावर बसते. जागेचें क्षेत्रफळ घेऊन त्यास सरकारी वार्षिक मूल्यदर तक्त्यांतील जमिनीच्या दरानें गुणावयाचें. बांधकामाचें क्षेत्रफळ घेऊन त्यास बांधकामाच्या दरानें गुणावयाचें, व घराच्या वयाप्रमाणें त्यांतून घसारा वजा करावयाचा. दोन्ही रकमांची बेरीज करून तीस वापराचा भारांक लावावयाचा, कारण राहतें घर आणि दुकान यांस एक माप नाहीं. जें मूल्य येईल त्यावर दर हजार रुपयांमागें अमुक पैसे कर. हे पैसे किती, तें नियमांनीं घालून दिलेल्या मर्यादेंत ग्रामपंचायत ठरविते.

समजा, एखाद्याचें घर पन्नास चौरस मीटर आहे व बांधकामाचा दर चौरस मीटरला दहा हजार रुपये धरला. मूल्य पांच लाख झालें. घर जुनें असल्यामुळें घसाऱ्यानंतर शेंकडा साठ मूल्य उरत असेल, तर कर तीन लाखांवर बसावयास पाहिजे. परंतु यादींत वयाचा रकानाच कोरा असेल तर तो पांच लाखांवर बसतो. हजारीं एक रुपया दर धरला तरी वर्षाला दोनशें रुपये जास्त गेले, आणि आकारणीची फेरतपासणी चार वर्षांनीं व्हावयाची, म्हणजे आठशें रुपये गेले; तेही एका कोऱ्या रकान्यापायीं.

असे रकाने कोरे राहतात याचें कारण, मोजपट्टी घेऊन घरोघर न फिरतां मागील यादीवरून पुढील यादी उतरून काढण्याची रीत. मात्र या रीतीचा तोटा सर्वांस सारखा नाहीं, आणि हें लिहिणें आमच्या कांहीं सभासदांस रुचणार नाहीं. गांवांत ज्याचा दुमजली वाडा नवा उठला आहे, त्याचें नांव यादींत अजून मातीच्या घरासमोर असूं शकतें. आणि ज्याची भिंत दोन पावसाळ्यांपूर्वीं पडली त्या बिचाऱ्याची पट्टी पूर्ववत् चालूं राहते. बरोबर यादी झाली तर आमच्यापैकीं कित्येकांची पट्टी वाढेल. ती वाढावी, असेंच आमचें मत आहे. नळाचें पाणी व रस्त्यावरचा दिवा सर्वांस पाहिजे असतो.

दुसरी गोष्ट नांवाची. पंचायतीच्या नमुना आठमध्यें आपलें नांव आहे आणि पट्टीची पावती खिशांत आहे, म्हणून घर आपलें झालें, असें पुष्कळांस वाटतें. ती यादी कर कोणाकडून घ्यावयाचा एवढेंच सांगते. मालकी खरेदीखत, वाटणीपत्र, वारसाहक्क यांवरून ठरते. थोरल्या भावानें वडिलांच्या मागें वीस वर्षें पट्टी भरली म्हणून धाकट्याचा किंवा बहिणीचा हिस्सा बुडत नाहीं. २४ एप्रिल २०२० रोजीं जाहीर झालेल्या स्वामित्व योजनेखालीं गांवठाणांची ड्रोननें मोजणी होऊन आखीव पत्रिका तयार होतात. तुमच्या गांवची चौकशी सुरू असेल तेव्हां घरीं हजर राहा. चुकीचें नांव पत्रिकेवर चढल्यावर तें उतरविण्यास जोडे झिजवावे लागतात.

अकोट शहरांतील वाचकांस नगरपरिषदेचा १९६५ चा कायदा लागू आहे. तेथें आकारणी वार्षिक भाड्याच्या अंदाजावर होते व त्यांतून दुरुस्तीसाठीं शेंकडा दहा वजा होतात. हरकतीची तऱ्हा मात्र बहुतांशीं सारखीच.

तेव्हां आमची सूचना अशी कीं, संघानें आपल्या प्रत्येक गांवच्या पंचायतीकडे लेखी मागणी करावी: करमागणीच्या बिलावर नुसती रक्कम न छापतां क्षेत्रफळ, बांधणीचा प्रकार, बांधकामाचें वर्ष व वापर हींही छापावीं, आणि नवी यादी ग्रामसभेंत मोठ्यानें वाचून दाखवावी. ज्यास आपली नोंद चुकीची वाटेल त्यानें हरकत मुदतींत व लेखीच द्यावी, आणि दुय्यम प्रतीवर आवक क्रमांक व तारखेचा शिक्का घेतल्यावांचून कचेरींतून उठूं नये. पुढें पंचायत समितीकडे अपिलांत जाण्याची वेळ आली, तर हातीं तोच कागद लागतो.