‘सरकारी कामात अडथळा’ म्हणजे नेमकं काय?



फॉरेस्टवाले नागली उपटायला येतात, सोबत पोलीस असतात. बायामाणसं प्लॉटवर उभी राहून विचारतात, कोणाच्या हुकमाने आलात, कागद दाखवा. संध्याकाळी कळतं की केस झाली, सरकारी कामात अडथळा. मग पाड्यावर दोन तऱ्हेचं बोलणं सुरू होतं. म्हातारे म्हणतात, साहेबापुढे तोंडच उघडू नये. तरणी पोरं म्हणतात, केस होणारच तर दोन फटके देऊनच होऊ दे. आम्हाला दोन्ही पटत नाही.

भारतीय न्याय संहितेत यासाठी दोन वेगळी कलमं आहेत. 221 म्हणजे सरकारी नोकर त्याचं काम करताना मुद्दाम आड येणं. शिक्षा जास्तीत जास्त 3 महिने कैद, 2500 रुपये दंड, किंवा दोन्ही. यात जामीन हा हक्क आहे. शिवाय त्या नोकराने किंवा त्याच्या वरिष्ठाने स्वतः कोर्टाला लेखी तक्रार दिल्याशिवाय कोर्ट ही केस घेत नाही. 132 म्हणजे सरकारी नोकरावर हल्ला किंवा जबरदस्ती. शिक्षा 2 वर्षांपर्यंत, आणि तिथे त्या लेखी तक्रारीची अट नाही. म्हणून नुसती बाचाबाची झाली तरी कागदावर 132 चढतं. कॉलर धरली, बटण तुटलं, असं इतक्या फिर्यादींत लिहिलेलं असतं की साहेब लोकांच्या बटणांचा धागाच कच्चा असावा.

कागद मागणं, नाव विचारणं, कशासाठी पकडता हे विचारणं हा गुन्हा नाही. नुसते शब्द म्हणजे हल्ला नव्हे, हे कायद्यातच लिहिलंय. पण कोयता उगारून तेच शब्द बोललात तर अर्थ बदलतो. कोयता आकडीतच राहू द्या, त्यापेक्षा घरी ठेवून या. पकडलेल्या माणसाला हिसकावून सोडवू नका, त्याला 263 हे आणखी वेगळं कलम आहे. हुकूम चुकीचा वाटला तरी अंगाला हात लावू नका. जिवावर बेतल्याशिवाय किंवा जबर दुखापतीची भीती असल्याशिवाय ‘स्वतःला वाचवत होतो’ हे म्हणणं अशा वेळी कोर्टात सहसा टिकत नाही. पकडलेल्याला कारण सांगणं आणि 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करणं, हे मात्र पोलिसांवर बंधन आहे. ते मोठ्याने, सगळ्यांसमोर मागा.

जीपपुढे आडवं पडलो तर तो अडथळा होतोच, उगाच नाही म्हणू नये. सत्याग्रह करायचा तर आधी बैठकीत ठरवून करू. अटकेला कोण जाणार, कोणाच्या अंगावर पिणारं पोर आहे, कोणाची लावणी राहिलीय, हे बघून. ऐन वेळी रागाने नाही.

गाडीचा नंबर, तारीख, वेळ, छातीवरच्या पट्टीवरचं नाव लिहून ठेवा. शाळेतल्या पोरांना सांगा, ती लिहितील. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका.

ज्यांना समन्स आलंय त्यांनी तारखेला जायचंच. गैरहजर राहिलात तर वॉरंट निघतं. येत्या बाजाराच्या दिवशी सगळे कागद घेऊन संघटनेच्या कार्यालयात या, वकिलांना दाखवायचे आहेत.