सस्पेन्स खात्यातली विज्ञानकथा

बँकेत सस्पेन्स नावाचे एक खाते असते. एखादी रक्कम कुठे जमा करायची ते संध्याकाळपर्यंत कळले नाही, की ती तिथे टाकायची आणि घरी जायचे. मात्र ती तिथे फार दिवस राहिली, तर ऑडिटर चष्मा काढून विचारतो, "हे काय?" मराठीत विज्ञानकथा हे असेच खाते आहे. पन्नास वर्षे त्यात नोंदी पडताहेत आणि ऑडिटर, म्हणजे आमचे समीक्षक, अजून चहाच घेताहेत.

इंग्रजीवाल्यांनी केव्हाच पोटखाती पाडली. अंतराळातल्या लढायांचे निराळे, कालप्रवासाचे निराळे, बिघडलेल्या हवामानाचे निराळे. आपल्याकडे एकच कपाट, वर चिठ्ठी 'विज्ञान', आणि शेजारी दहावीची गाइडे! आमच्या सुरगाण्यात एका गृहस्थांनी 'वामन परत न आला' पुराण समजून घरी नेले. आत यंत्रमानव निघाला. वामन दुसऱ्याच दिवशी परत आला.

बरं, माल नाही म्हणून खाती नाहीत, असेही नाही. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या नावाने 'कृष्णविवर' पाठवून जयंत नारळीकरांनी पहिले बक्षीस मिळवले. पुढे त्यांच्याच 'गंगाधरपंतांचे पानिपत'मध्ये मराठे पानिपत जिंकले. हा झाला पर्यायी इतिहास. 'उजव्या सोंडेचा गणपती'त माणसाचे डावे-उजवेच उलटले. त्याला काय म्हणायचे ते म्हणा, पण पानिपताच्या रांगेत नका हो बसवू! नारायण धारपांनीही विज्ञानकथा लिहिल्या. त्यांना आपण भुतांच्या नावे जमा करून टाकले.

यावर सोवळ्यातली मंडळी म्हणतात, विज्ञान काढून घेतल्यावर कोसळेल तीच खरी विज्ञानकथा. ठीक. हाच नियम ग्रामीण कथेला लावा. निम्म्या ग्रामीण कथा गाव काढून घेतले तरी सदाशिव पेठेत सुखाने नांदतील. त्यांना कुणी दाखला मागत नाही.

नारळीकरांना 2014 साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले, ते आत्मचरित्राला. 2021 मध्ये नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्षपदही मिळाले. म्हणजे दुकानदाराला शाल आणि माल तसाच गोदामात.

हे सारे शहरातले भांडण वाटेल. पण आमच्या तालुक्यात पावसाळ्यात छत्री टिकत नाही, आणि एप्रिल-मेमध्ये बाया हंडे घेऊन डोंगर उतरतात. उद्या इथल्या एखाद्या मास्तरणीने आणखी पन्नास वर्षांनंतरच्या सुरगाण्याच्या पाण्यावर कथा लिहिली, तर ती पाठवायची कुठे? ग्रामीणवाले म्हणतील, यात यंत्रे फार. विज्ञानवाले म्हणतील, यात हंडे फार.