फडाचे पाणी

देशी शेतीज्ञानाच्या जतनाची गोष्ट निघाली म्हणजे आपले लक्ष प्रथम बियाण्यांकडे जाते आणि ते योग्यच आहे. परंतु बियाणे मडक्यात राखता येते, तसे जे ज्ञान माणसांच्या परस्परव्यवहारातच वसते ते राखता येत नाही, आणि पांझरा, मोसम, आरम या खानदेश-बागलाणच्या नद्यांच्या काठी शतकानुशतके नांदलेली फडपद्धती हे त्या दुसऱ्या जातीचे ज्ञान आहे.

नदीला बंधारा घालून पाट काढावा, पाटाखालची जमीन बहुधा चार फडांत विभागावी, एका फडात त्या साली एकच पीक घ्यावे आणि ऊस कोठे, हंगामी पीक कोठे याचा निर्णय सर्वांनी एकत्र बसून करावा, अशी ही रचना. प्रत्येक खातेदाराची थोडीथोडी जमीन निरनिराळ्या फडांत असे. म्हणून नदी आटलेल्या वर्षी एखाद्या फडाचे पाणी तोडावे लागले, तरी तो घाला कोणा एकाच्या संसारावर पडत नसे. पाटकरी शेत कोणाचे हे न पाहता बांधामागून बांध क्रमाने भिजवी, हवालदार त्यावर देखरेख ठेवी, जागल्या पिकाची राखण करी, आणि या सर्वांचा मेहनताना सुगीच्या धान्यातून चुकता होई. अभियंते विश्वेश्वरय्या 1884 साली मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात रुजू झाल्यावर याच खानदेशात वावरले. पुढे त्यांनी नीरा कालव्यावर आणलेल्या ब्लॉक पद्धतीचे फडाशी असलेले साम्य सहज ध्यानात येते.

नद्यांच्या वरच्या अंगाला धरणे झाली, मोसमवर हरणबारी, पांझरेवर लाटीपाडा, आणि वाहत्या नदीवरचा पूर्वापार हक्क पाटबंधारे खात्याच्या आवर्तनावर अवलंबून राहिला. त्यातच विहिरींवर मोटारी बसल्या. ज्याच्या विहिरीला पाणी त्याला फडाचा निर्बंध जाचू लागला, आणि त्या विहिरींना पाझर बहुधा पाटाचाच होता याचा विसर पडला. धरणे नकोत असे माझे म्हणणे नाही. त्यांनी पुष्कळ कोरडवाहू जमीन भिजवली आहे. पण 2005 च्या कायद्याने शेतकऱ्यांच्या हाती सिंचनाचे व्यवस्थापन देण्याचे जे धोरण सरकारने पत्करले, ते ज्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या आचरणात होते, त्या गावांना त्याचे लाभ सर्वांच्या आधी मिळावयास हवे होते.

जे फड अद्याप तग धरून आहेत त्यांच्या पाण्याचा वाटा धरणाच्या नियोजनात स्वतंत्रपणे नोंदला जावा, आणि वृद्ध पाटकऱ्यांना पाटाच्या उताराची, पाणी देण्याच्या बाऱ्यांच्या क्रमाची जी माहिती आहे ती ते हयात आहेत तोवर तालुक्याच्या दप्तरी उतरवून घ्यावी.