शांघायमधली उमेदवारी

दुपारचे साडेबारा वाजले की शांघायमधल्या कित्येक कार्यालयांत दिवे मालवले जातात. पडदे ओढले जातात, टेबलाखालून घडीच्या खाटा निघतात, कोणी मानेभोवती उशी अडकवून खुर्चीतच डोळे मिटतो. भारतातून नुकतीच आलेली इंटर्न जेवणाचा डबा हातात घेऊन दारात उभी राहते. आत जावे की बाहेरच थांबावे, हे तिला कळत नाही. दीड वाजता दिवे लागतात, खाटा पुन्हा टेबलाखाली जातात आणि काम जिथे थांबले होते तिथून सुरू होते. आपल्याकडे वामकुक्षी घरची, सुटीच्या दिवसाची. तिथे ती कामाच्या दिवसात धरलेली असते, कारण तो दिवस रात्री किती वाजता संपेल याची खात्री अनेकदा नसते.

मराठीत इंटर्नशिपच्या या काळासाठी ‘उमेदवारी’ असा नेमका शब्द होता. छापखान्यात, वकिलाकडे, सुताराच्या हाताखाली मुले उमेदवारी करत. आता तो शब्द बहुतेक निवडणुकीपुरता उरला. चिनी भाषेत इंटर्नला ‘शिशीशंग’ म्हणतात, म्हणजे प्रत्यक्ष कामातून शिकणारा विद्यार्थी. वयाने लहान सहकाऱ्याच्या आडनावाआधी ‘शियाओ’, म्हणजे ‘छोटा’, लावायची रीत आहे. साहेबाला आडनाव आणि हुद्दा जोडून हाक मारतात, आणि बऱ्याच ठिकाणी अनुभवी सहकारी सरसकट ‘लाओशी’ असतो, म्हणजे गुरुजी. मानधन दिवसाच्या हिशेबाने मिळते. मोठ्या शहरांत दिवसाला शंभर ते दोनशे युआन हा नेहमी दिसणारा दर. २०२५ मध्ये एक युआन साधारण बारा रुपयांचा होता. शांघायमधल्या खोलीभाड्यापुढे ही रक्कम फारशी टिकत नाही.

तरीही मराठी मुलामुलींनी ही उमेदवारी करावी, आणि जास्त संख्येने करावी. भारताने २०२४-२५ या आर्थिक वर्षात चीनकडून ११३ अब्ज डॉलरहून अधिक किमतीचा माल घेतला आणि जेमतेम १४ अब्जांचा विकला. रांजणगावात हायर या चिनी कंपनीचा कारखाना आहे, चाकणला सानी या दुसरीचा. इतका व्यवहार असलेल्या देशात राहून काम केलेली माणसे आपल्याकडे मात्र फार थोडी. करोनापूर्वी तिथे सुमारे २३ हजार भारतीय विद्यार्थी होते, पण त्यांतले बहुसंख्य वैद्यकीय शिक्षण घेणारे. २०२० नंतर व्हिसा थांबले, विमाने थांबली. थेट उड्डाणे परत सुरू झाली ती २०२५ च्या ऑक्टोबरअखेर. पाच वर्षांची एक पिढीच या अनुभवावाचून राहिली.

तो अनुभव मुख्यतः टेबलाबाहेर मिळतो. पहिली गाठ मोबाइलशी पडते. भाजी, बस, भाड्याची सायकल, कोपऱ्यावरचा पाववाला, सगळीकडे वीचॅट किंवा अलीपे. भारतातून आलेल्याला क्यूआर कोडचे अप्रूप नाही, पण तिथे यूपीआय चालत नाही. विदेशी कार्ड या ॲपना जोडण्याची सोय अलीकडच्या काळात बरीच सुधारली आहे. कार्यालयाचा गट वीचॅटवर, साहेबाचा निरोप वीचॅटवर, घरमालकाची पावतीही वीचॅटवर. आणि हेच वीचॅट भारताने जून २०२० मध्ये बंद केले. उलट व्हॉट्सॲप चीनमध्ये चालत नाही. म्हणजे साताऱ्यातल्या आईचा आणि शांघायमधल्या मुलीचा रोजच्या वापरातला एकही समान धागा उरत नाही. जाणकार मुले भारतीय सिम रोमिंगवर चालू ठेवतात. त्यावर व्हॉट्सॲप उघडते, पण पैसे जपून वापरावे लागतात. घड्याळ अडीच तास पुढे. आईचे साडेआठ म्हणजे मुलीचे अकरा.

मग जेवण. ‘वो छ सू’, मी शाकाहारी आहे, हे तीन शब्द पाठ करून गेलेल्यालाही पहिल्या आठवड्यात धक्के बसतात. मापो तोफूत तोफूबरोबर खिमा असतो. हिरवी पालेभाजी डुकराच्या चरबीत परतलेली असू शकते. आचाऱ्याच्या मते ती भाजीच असते, तो फसवत नसतो. अंडे चालत असेल तर टोमॅटो-अंड्याची परतलेली भाजी आणि भात हा आधार. नसेल तर बटाट्याच्या बारीक काड्या, मिरची आणि व्हिनेगर घालून परतलेल्या. खरा दिलासा बौद्ध शाकाहारी खाणावळीत मिळतो. तिथे परंपरेने कांदा-लसूणही वर्ज्य असतो, त्यामुळे कांदा-लसूण न खाणारी मुलगीही तिथे जेवू शकते. पिण्याचे पाणी बाराही महिने गरम. पहिल्या महिन्यात थंड पाण्यासाठी जीव तळमळतो, तिसऱ्या महिन्यात थर्मास बॅगेत आपसूक जातो.

सुट्यांचे गणितही नवे. २०२५ मध्ये १ ते ८ ऑक्टोबर सलग सुटी होती, पण तिच्या बदल्यात २८ सप्टेंबरचा रविवार आणि ११ ऑक्टोबरचा शनिवार कामाचे ठरले. त्याच महिन्यातली दिवाळी अर्थातच साधे कामाचे दिवस.

शेजारच्या टेबलावरच्या चिनी इंटर्नकडे नीट पाहायला हवे. २०२५ मध्ये चीनमधून १ कोटी २२ लाख पदवीधर बाहेर पडले. १६ ते २४ वयोगटातली शहरी बेरोजगारी जून २०२३ मध्ये २१.३ टक्क्यांवर गेली, तेव्हा सरकारने काही महिने तो आकडाच जाहीर करणे थांबवले; पुढे विद्यार्थी वगळून नव्या पद्धतीने मोजणी सुरू झाली. म्हणून तो मुलगा रात्री उशिरापर्यंत बसतो. सकाळी नऊ ते रात्री नऊ, आठवड्याचे सहा दिवस, या ‘९९६’ पद्धतीला चीनच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये बेकायदा म्हटले. कायद्याने दिवसाचे आठ तास आहेत आणि जादा काम महिन्याला ३६ तासांच्या वर नेता येत नाही. पण इंटर्न या चौकटीत पुरता बसत नाही. १९९५ च्या एका सरकारी खुलाशानुसार विद्यार्थ्याने फावल्या वेळात केलेले काम नोकरी धरले जात नाही. २०२२ च्या सुरुवातीला आलेल्या नियमावलीने व्यावसायिक शिक्षण घेणाऱ्यांना रात्रपाळी आणि जादा कामापासून संरक्षण दिले, पण ते त्यांच्यापुरतेच. परदेशातून आलेल्या मुलीने स्वतःच्या अटी आधीच लिहून घेतलेल्या बऱ्या.

आपली सर्वांत मोठी हलगर्जी याच टप्प्यावर होते. घरचे विचारतात कंपनी कोणती, पैसे किती. व्हिसा कोणता, हे फार थोडे विचारतात. पर्यटन किंवा व्यापारी व्हिसावर तिथे काम करता येत नाही. चीनमध्ये शिकणाऱ्या विद्यार्थ्यालाही विद्यापीठाची संमती घेऊन निवास परवान्यावर तशी नोंद करून घ्यावी लागते. २०१३ पासून लागू असलेल्या कायद्यानुसार बेकायदा काम सापडले तर ५ हजार ते २० हजार युआन दंड होतो. प्रकरण गंभीर असेल तर ५ ते १५ दिवस कोठडीही. हॉटेलात उतरले तर नोंद हॉटेल करते, पण खोली घेतली की २४ तासांत पोलिसांकडे नोंदणी हवी. मधला दलाल ‘चालतं हो सगळं’ म्हणतो. दंड मात्र बावीस वर्षांची मुलगी भरते.

विज्ञान-तंत्रज्ञानातल्या तरुणांसाठी चीनने १ ऑक्टोबर २०२५ पासून ‘के’ व्हिसा सुरू केला आहे. त्याला स्थानिक मालकाच्या निमंत्रणाची अट नाही. तिथल्या तरुणांत त्यावर नाराजीही उमटली, आणि बेरोजगारीचे आकडे पाहता ती समजण्यासारखी आहे. दार किलकिले होत असताना आपल्याकडून जाणारी मुले भाषा न शिकताच गेली तर मात्र वर्षभर त्यांच्या वाट्याला इंग्रजी ईमेलांची दुरुस्ती येईल आणि बैठकीत काय ठरले ते कळणार नाही. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, तेव्हा त्यांनी अठ्ठाविशीही गाठली नव्हती.  कोटणीस चीन-जपान युद्धाच्या धामधुमीत चिनी शिकले, डिसेंबर १९४२ मध्ये तिथेच वारले, आणि आजही ‘के तिहुआ’ या चिनी नावाने तिथे ओळखले जातात.

आज चिनी शिकायला कितीतरी सोपी साधने आहेत. जाण्याआधी सहा महिने चिनीचा वर्ग, परवान्याची प्रत, कामाचे तास आणि अपघात विम्याची लेखी हमी, खोलीच्या नोंदणीची जबाबदारी कोणाची याचे उत्तर: महाविद्यालयाच्या प्लेसमेंट विभागाने मुलीला विमानात बसवण्याआधी एवढे मागून घ्यावे. त्यातले भाषा सोडून बाकी सगळे तपासायला एक दुपार पुरते.